खर्च की नफा? साखर कारखान्यांच्या प्राप्तिकराचा वाद आणि आपण

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला बोलावलं तेव्हा सांगितलं, "काका, तुम्ही बँकेत होता, टॅक्सवर काहीतरी सांगा. पण लोक झोपणार नाहीत असं सांगा." अट अवघड आहे. म्हणून मी कलमं पाठ म्हणून दाखवण्याऐवजी आपल्याच भागातली एक गोष्ट निवडली आहे. इथं बसलेल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी, वडील, मेहुणा, सासरा, कुठल्या तरी कारखान्याला ऊस घालतंच. त्या ऊसबिलावरून प्राप्तिकर खातं आणि सहकारी साखर कारखाने यांच्यात जवळजवळ एक पिढीभर वाद चालला. थकीत कराचा आकडा हजारो कोटींत गेला. आणि वाद होता एका प्रश्नाचा: शेतकऱ्याला दिलेला पैसा हा कारखान्याचा खर्च, की सभासदांना वाटलेला नफा?

आधी ऊसदराचं गणित समजून घेऊ. १९६६ चा केंद्र सरकारचा ऊस नियंत्रण आदेश आहे. त्यात केंद्र उसाचा किमान दर ठरवायचं, त्याला एसएमपी म्हणत. हा दर फार कमी असे. २००८-०९ च्या हंगामाला तो क्विंटलला ८१ रुपये १८ पैसे होता, म्हणजे टनाला साधारण ८१२ रुपये. १९७४ मध्ये त्या आदेशात ५-अ नावाचं कलम घातलं. साखर चांगल्या भावानं विकली गेली आणि कारखान्याला जादा मिळालं, तर त्यातला वाटा ऊस उत्पादकाला द्यायचा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे पहिली उचल, मग हप्ते, मग हंगाम संपल्यावर हिशेब होऊन अंतिम दर, ही पद्धत त्यातूनच रुळली. अंतिम दराला राज्य सरकारची मंजुरी लागायची. २००९ मध्ये एसएमपी जाऊन एफआरपी आली आणि ५-अ कलम रद्द झालं. पण तोवरच्या वर्षांचा वाद शिल्लक राहिला.

प्राप्तिकर खात्याचं म्हणणं असं. किमान दर सरकारनं ठरवलाय ना? मग तेवढाच उसाचा खरा खर्च. त्यावर जे दिलं ते कारखान्याचा नफा बघून, हंगामाचा ताळेबंद मांडून दिलं. घेणारे कोण, तर कारखान्याचे सभासद, म्हणजे मालकच. मालकाला नफ्यातून दिलेला पैसा हे नफ्याचं वाटप झालं. ते खर्चात धरता येणार नाही. त्यावर कर भरा.

कारखान्यांचं म्हणणं असं. आम्ही जो दर दिला तो सभासदालाही दिला आणि बिगर सभासदालाही तोच दिला. लाभांश असता तर बिगर सभासदाला का दिला असता? लाभांश आम्ही वेगळा देतोच, आणि सहकार कायद्यानं त्याला पंधरा टक्क्यांची मर्यादा आहे. ऊस आमचा कच्चा माल. शेजारचा कारखाना जादा दर देत असेल तर आम्हालाही द्यावा लागतो, नाहीतर ऊस तिकडं जातो. ही मालाची किंमत आहे, बाकी काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, खात्याची अडेलतट्टूगिरी होती. मी तसं म्हणणार नाही. खात्याची बाजूही नीट बघा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. समजा कारखान्याला खरोखर मोठा नफा झाला आणि त्यानं तो सगळा 'ऊसदर' असं नाव देऊन वाटला, तर तो कारखान्याकडंही करात येणार नाही आणि शेतकऱ्याकडंही येणार नाही. कर घेणाऱ्यानं हा प्रश्न विचारणं चुकीचं नव्हतं. पण दराला सरकारचीच मंजुरी असताना, किमान दरापलीकडचा सगळाच्या सगळा पैसा नफा धरायचा, हे मात्र टोकाचं होतं. आणि त्या टोकाचा भार कुणावर पडला, ते आकड्यात बघू.

हे उदाहरण माझं आहे, कुठल्या एका कारखान्याचं नाही. समजा किमान दर टनाला ८०० रुपये. कारखान्यानं दिले १,४०० रुपये. फरक ६०० रुपये. पाच लाख टन गाळप केलं, तर फरकाची रक्कम ३० कोटी. हे ३० कोटी खात्यानं उत्पन्नात धरले आणि ३० टक्क्यांनी कर लावला, तर ९ कोटी. मागणीची नोटीस आल्यावर भरायला ३० दिवस. नाही भरले, तर महिन्याला एक टक्का व्याज. ९ कोटींवर महिन्याला ९ लाख. वाद दहा वर्षं चालला, तर १० कोटी ८० लाख नुसतं व्याज. मूळ करापेक्षा व्याज मोठं! आणि हे एका हंगामाचं झालं. असे हंगाम एकावर एक रचत गेले.

यात गोम अशी, की ते ३० कोटी कारखान्याकडं नव्हतेच. ते केव्हाच ऊसवाल्यांच्या घरात गेले होते. कुणी विहिरीची मोटर घेतली, कुणी मुलीचं लग्न केलं, कुणी सोसायटीचं पीककर्ज भागवलं. ज्या पैशाचा कर मागताय तो पैसा खर्च होऊन गेलाय. मग कर भरायचा कशातून? पुढच्या हंगामाच्या साखरेतून. म्हणजे शेवटी पुढच्या वर्षीच्या शेतकऱ्याच्या दरातून.

अशा थकबाकीचं पुढं काय होतं, हे मी बँकेच्या काउंटरमागून पाहिलं आहे. प्राप्तिकर अधिकारी बँकेला नोटीस पाठवू शकतो. अमुक खातेदाराकडून आमचं इतकं येणं आहे, त्याच्या खात्यात जे असेल ते आमच्याकडं भरा. १९६१ च्या कायद्यात हे २२६ (३) कलम. सामान्य माणसाला वाटतं, बँक मॅनेजर ओळखीचा आहे, दोन दिवस थांबेल. तसं होत नाही. नोटीस हातात पडल्यावर बँकेनं पैसे जाऊ दिले, तर तेवढ्या रकमेपुरती बँकच थकबाकीदार ठरते. मी नोकरीत असताना एका कारखान्याच्या खात्यावर अशी नोटीस आली. तेव्हा ऊस तोडणी-वाहतुकीची बिलं आणि कामगारांचा पगार दोन्ही त्याच खात्यातून निघायचे होते. कारखान्याचे लोक समोर बसलेले, चहा तसाच गार झालेला. त्यांनी शेवटी वरच्या अधिकाऱ्यांकडून वसुलीला स्थगिती आणली आणि खातं मोकळं झालं. पण मधले दिवस टोळीच्या माणसांना उचल मिळाली नाही. वाद कागदावर असतो, पण झळ बसते ती कोयता चालवणाऱ्याला.

आता न्यायालयात काय झालं ते सांगतो. नव्वदच्या दशकातल्या हंगामांपासूनची प्रकरणं आयुक्त अपील, मग प्राप्तिकर न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय अशी चढत गेली. सर्वोच्च न्यायालयात सातपुडा तापी परिसर कारखान्याचं प्रकरण २०१० मध्ये आलं. न्यायालयानं तिथं शेवटचा निकाल न देता प्रकरण खाली आयुक्तांकडं पाठवलं, की हा जादा दर खर्च की नफ्याचं वाटप, हे नीट तपासा. पुन्हा नऊ वर्षं. ५ मार्च २०१९ ला आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निकाल लागला. न्यायालयानं मधला रस्ता घेतला. ५-अ कलमाखाली दिलेल्या जादा दरात नफ्याच्या वाटणीचा जेवढा भाग आहे, तेवढं नफ्याचं वाटप. उरलेला खर्च. आणि कुठला भाग किती, हे कर आकारणी अधिकाऱ्यानं कारखान्याचे हिशेब बघून ठरवायचं.

म्हणजे खातं सगळं जिंकलं नाही, कारखानेही सगळं जिंकले नाहीत. आणि सगळी फाईल परत पहिल्या टेबलावर!

दरम्यान संसदेकडून दुसरी वाट निघाली होती. २०१५ च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकर कायद्यात नवीन तरतूद घातली. सहकारी साखर कारखान्यानं सरकारनं ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत ऊस घेतला, तर तो खर्च म्हणून मान्य. ही तरतूद २०१६-१७ या आकारणी वर्षापासून. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं परिपत्रक काढून स्पष्ट केलं, की 'सरकारनं मंजूर केलेला दर' यात राज्य सरकारनं ठरवलेला, एफआरपीपेक्षा जास्त असलेला दरही येतो. पुढची वर्षं मोकळी झाली. मागच्या वर्षांचं काय? ते १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात आलं. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, की २०१६-१७ च्या आधीच्या वर्षांत ऊस उत्पादकांना दिलेली रक्कमही कारखान्यांना खर्च म्हणून मागता येईल, आणि त्यातून सुमारे १०,००० कोटींचा दिलासा मिळेल. त्याप्रमाणे कायद्यात बदल झाला आणि अर्ज कसे निकाली काढायचे याची कार्यपद्धती जुलै २०२३ मध्ये आली.

हे ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्या तरतुदीतली मेख बघा. दिलासा आपोआप मिळत नाही. कारखान्यानं अर्ज करायचा. त्या त्या वर्षी सरकारनं किती दर मंजूर केला होता, आपण किती दिला, हे दाखवायचं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा मंजुरीचा कागद, त्या हंगामाचा ताळेबंद, आकारणीचा आदेश, अपिलाची प्रत. ज्यांनी जुन्या फायली बासनात बांधून का होईना पण जपल्या, त्यांचं काम सोपं. ज्यांच्या फायली वाळवीनं खाल्ल्या, त्यांना कायदा बाजूनं असून धावपळ. एवढ्या मोठ्या वादात शेवटी उपयोगी पडला तो एक पिवळा पडलेला कागद.

मित्रांनो, 'देणार नाही' असं म्हणायला कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. टोलच्या वेळी आपण सगळे रस्त्यावर होतो. एन. डी. पाटील सरांसारखा वयानं थकलेला माणूस पुढं चालत होता. डिसेंबर २०१५ मध्ये टोल बंद झाल्याची घोषणा झाली. मला त्याचा अभिमान आहे. पण टोल आणि कर आकारणी यात फरक आहे. टोल सगळ्या शहराचा प्रश्न होता, तो धोरणाचा वाद होता, तो रस्त्यावर सुटला. कराची मागणी तुमच्या नावावर, तुमच्या वर्षावर, तुमच्या आकड्यावर येते. तिथं घोषणा चालत नाहीत. तिथं मुदत चालते. आयुक्तांकडं अपील करायला ३० दिवस, न्यायाधिकरणात २०२४ पर्यंत ६० दिवस होते. वसुली थांबवायची तर सर्वसाधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरून स्थगिती मागायची. कारखाने टिकले ते यामुळं. त्यांनी कर भरला नाही, पण ते गप्पही बसले नाहीत. प्रत्येक मागणीला मुदतीत अपील, प्रत्येक वसुलीला स्थगितीचा अर्ज.

म्हणून मी म्हणतो, थकबाकी आणि वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला मान्य नाही' असं मनात म्हणून गप्प बसलं, की ती थकबाकी. 'मला मान्य नाही' असं मुदतीत, कारणासह लिहून दिलं आणि पोच घेतली, की तो वाद. थकबाकीवर नुसतं व्याज चढतं. वादावरही चढतं, पण निदान त्याचा निकाल लागतो.

आता आपल्या घरात येऊ. कारखाना सहकारी, आपली सोसायटीही सहकारी. तोच प्रश्न आपल्यालाही विचारला गेला होता. फ्लॅट विकताना सोसायटी ट्रान्सफर फी घेते, भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क घेते. प्राप्तिकर खातं म्हणालं, हे सोसायटीचं उत्पन्न, कर भरा. हा वाद मुंबईच्या सोसायट्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १२ मार्च २०१८ ला व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात निकाल लागला, की सभासदांनीच दिलेला आणि सभासदांच्याच सोयीसाठी वापरला जाणारा हा पैसा परस्परतेच्या तत्त्वात बसतो. माणूस स्वतःच्याच खिशातून स्वतःच्याच खिशात पैसे टाकून नफा कमवत नाही. त्यावर कर नाही. पण सोसायटीनं शिल्लक बँकेत ठेवली आणि व्याज आलं, तर ते बाहेरून आलेलं उत्पन्न. बंगळूर क्लबच्या प्रकरणात २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बँकेतल्या ठेवीचं व्याज परस्परतेत बसत नाही. म्हणून आपल्या ताळेबंदात सभासदांची वर्गणी आणि बँकेचं व्याज या दोन रकमा वेगळ्या दिसल्या पाहिजेत. नव्या कमिटीला माझी विनंती आहे, 'किरकोळ जमा' नावाच्या एका ओळीत सगळं ढकलू नका. रकमेला योग्य नाव त्याच दिवशी द्या. कारखान्यांचा सगळा वाद 'या पैशाचं नाव काय' एवढाच होता, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट घरफाळ्याची. घरफाळा थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. वर्षाला चोवीस टक्के झाले. तुमची ठेव बँकेत सात टक्क्यांनी पडलेली असते आणि इकडं चोवीस टक्क्यांनी बोजा वाढतो. बिलात क्षेत्रफळ चुकलंय, वापर चुकीचा दाखवलाय असं वाटलं, तर लेखी हरकत घ्या, पोच घ्या. आणि हरकत घेऊन जो भाग मान्य आहे तो भरून मोकळे व्हा. पूर्ण बिलच अडवून ठेवलं, तर बरोबर असलेल्या रकमेवरही शास्ती चढते.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. कुणाचं नाव घेत नाही. "माझ्या छताला गळती आहे, म्हणून मी मेंटेनन्स भरत नाही," हे वाक्य या पंचवीस वर्षांत मी बऱ्याचदा ऐकलं. गळती खरी असते, त्रास खरा असतो. पण गळती हा वाद आहे आणि मेंटेनन्स हे देणं आहे. एकानं दुसरं फिटत नाही. आदर्श उपविधीप्रमाणं थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं. सोसायटी उपनिबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नका. शेजारी शेजारीच राहिला पाहिजे. गळतीचा अर्ज द्या, कमिटीनं किती दिवसांत काम करायचं ते मिटिंगच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि बिल भरा. कमिटीलाही माझं सांगणं आहे, की वेळेत पैसे भरणाऱ्या माणसाची तक्रार आधी सोडवा. नाहीतर त्याला वाटणार, अडवलं असतं तरच बरं झालं असतं.

आणि ज्येष्ठ मंडळींसाठी शेवटची एक गोष्ट. पूर्वी नोटीस पोस्टमननं आणून द्यायची, आता ती ई-मेलवर येते. आपला ई-मेल मुलगा पुण्याला नाहीतर अमेरिकेत बसून उघडतो, किंवा उघडतच नाही. वर्षातून दोन-तीनदा नातवाला बसवून प्राप्तिकराच्या पोर्टलवर 'थकीत मागणी' आहे का, हे बघून घ्या. जुन्या, बारीक मागण्या तिथं वर्षानुवर्षं पडून असतात आणि रिफंड त्यात वळता होतो. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अशा जुन्या छोट्या मागण्या मागे घेतल्या गेल्या. २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या २५,००० रुपयांपर्यंत, आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या १०,००० रुपयांपर्यंत. एका करदात्याला एकूण मर्यादा एक लाख. त्यातल्या काही मागण्या तर १९६२ पासूनच्या होत्या! सरकारलाही कळलं, की इतक्या जुन्या कागदाचा पिच्छा पुरवणं दोघांनाही परवडत नाही. तुमची अशी मागणी असेल तर ती निघून गेली का, तेवढं पाहून घ्या.

माझा वेळ संपत आला, आणि तिकडून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा आवरतं घेतो. कर द्यावा. आपल्याच रस्त्यांना, शाळांना, दवाखान्यांना तो लागतो. चुकीचा मागितला तर भांडावंही. तो आपला हक्क आहे, आणि कारखान्यांनी दाखवून दिलं, की चिकाटीनं भांडलं तर कायदासुद्धा बदलतो. पण भांडताना मुदत पाळावी, कागद जपावा आणि जे मान्य आहे ते देऊन टाकावं. ज्या सोसायटीचे हिशेब स्वच्छ आणि फायली जागेवर, तिला कुठल्याही नोटिशीला घाबरण्याचं कारण नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी इथं नुसता चिखल होता आणि पाण्याचा टँकर यायचा. आज झाडं तिसऱ्या मजल्याला टेकली आहेत. ज्यांनी ती लावली त्यातले काही आज आपल्यात नाहीत, त्यांची आठवण ठेवतो. सोसायटीला, सगळ्या सभासदांना आणि त्यांच्या घरच्यांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा देतो आणि थांबतो.